पार्किन्सन्समध्ये विचार का अडखळतो, डोळे का फसतात

पार्किन्सन्सचं निदान झालं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष रुग्णाच्या हाताकडे लागतं. कंप वाढला का, चाल मंदावली का, शर्टाची बटणं लावायला किती वेळ लागतो. गोळ्या सुरू होतात, हालचाल मोकळी होते, घराला हायसं वाटतं. काही वर्षांनी मात्र तक्रारींचा सूर बदलतो. "हे हल्ली कशातच लक्ष घालत नाहीत." "आईला दोन कामं एकदम सांगितली की ती दोन्ही सोडून देते." "बाबांना कळतं सगळं, पण उत्तराला इतका वेळ लावतात की शेवटी आम्हीच बोलून मोकळे होतो." या वाक्यांमागे आळसाचा, हट्टाचा, कधी मुद्दाम छळण्याचा संशय असतो. तो चुकीचा आहे आणि त्यापायी घरातली माणसं एकमेकांपासून दुरावतात. ज्या आजाराने हात थरथरतो, त्याच आजाराने विचार मंदावतो, लक्ष विखुरतं आणि समोरचं दृश्य चुकीचं वाचलं जातं. हे कशामुळे होतं ते एकदा समजलं की घरी बरंच काही करता येतं.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. पुढे मीही हेच शब्द वापरणार आहे.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी 1817 मध्ये या आजारावर पहिला सविस्तर निबंध लिहिला. त्यांच्यापुढे सहाच रुग्ण होते, त्यातल्या काहींना तर त्यांनी फक्त रस्त्यात पाहिलं होतं. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर त्यांनी कंप, वाकलेली पाठ आणि पुढे ओढली जाणारी चाल यांचं जे वर्णन केलं, ते आजही बिनचूक वाटतं. एका बाबतीत मात्र ते चुकले. बुद्धी आणि ज्ञानेंद्रियं शाबूत राहतात, असं त्यांनी नोंदवलं, आणि ती समजूत पुढे शंभराहून अधिक वर्षं टिकली. आपल्याकडच्या घरांमध्ये ती अजूनही आहे. 'कंपवात' म्हटलं की डोळ्यांपुढे थरथरणारा हातच येतो.

मेंदूच्या देठाच्या वरच्या टोकाला सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामीन तयार करतात आणि लांब तंतूंमधून ते मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बेसल गँग्लिया या पुंजक्यांपर्यंत पोचवतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी मरतात हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण पेशी मरण्याच्या आधीच तिच्या तंतूंची टोकं सुकू लागतात. पेशी जागेवर असते आणि पलीकडच्या टोकाशी तिचा संबंध मात्र तुटत चाललेला असतो. हा आजार जितका पेशींचा, तितकाच मेंदूतल्या जोडण्यांचाही आहे. अल्फा-सिन्युक्लीन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या पेशींमध्ये आणि तंतूंमध्ये साचतात. फ्रिट्झ लेवी यांनी 1912 मध्ये मेंदूत अशा गुठळ्या पाहिल्या आणि त्यांचंच नाव त्यांना मिळालं. त्या कशाच्या बनलेल्या आहेत हे कळायला 1997 उजाडलं.

गॅरेट अलेक्झांडर, मालोन डिलाँग आणि पीटर स्ट्रिक या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1986 मध्ये मांडलेला एक विचार इथे फार उपयोगी पडतो. मेंदूच्या पुढच्या भागातून निघून, बेसल गँग्लियामधून फिरून पुन्हा पुढच्या भागात येणारी पाच समांतर वर्तुळं त्यांनी दाखवली. एक वर्तुळ अंगाच्या हालचालीचं, दुसरं डोळ्यांच्या हालचालीचं. उरलेली तीन कामाची आखणी, वागण्यावरचा ताबा आणि काही करावंसं वाटणं यांच्याशी जोडलेली. या सगळ्यांना डोपामीन लागतं. त्यामुळे पुरवठा आटला की पाय अडखळतो, तसा विचारही अडखळतो. रेल्वेच्या यार्डात रूळ आहेत, इंजिन धडधाकट आहे, पण सांधे बदलणारी माणसं अपुरी आहेत, अशी ही अवस्था असते. गाडी अडकते ती मार्ग बदलताना. शुभार्थीचंही तसंच होतं. एका विषयावरून दुसऱ्यावर, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना तो थांबतो.

डोपामीन एकटंच कमी होत नाही. लक्ष, स्मरण आणि पाहणं यांना आधार देणारं असिटिलकोलीन, जागरूक ठेवणारं नॉरअड्रिनलीन आणि मनःस्थितीशी निगडित सिरोटोनिन हे तिन्ही पुरवठे कमीअधिक प्रमाणात घटतात. लेव्होडोपाची गोळी डोपामीनची उणीव भरते, बाकीच्यांची नाही. 'गोळ्या वेळेवर घेतोय, तरी हे का सुटत नाही' या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इथे आहे.

आता घरात काय करायचं ते पाहू. प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला वेळ लागतो, तो वेळ द्या. हे वाचायला सोपं आहे, पाळायला फार अवघड. मनातल्या मनात सावकाश दहापर्यंत मोजा आणि मधल्या काळात प्रश्न पुन्हा विचारू नका. पुन्हा विचारला की मेंदूत चाललेली जुळवाजुळव मोडते आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. "आज जेवायला काय करू?" हा प्रश्न शुभार्थीसाठी कठीण आहे, कारण त्यात सगळे पर्याय स्वतः शोधायचे असतात. "पिठलं करू की मुगाची खिचडी?" हा सोपा. विस्मरणाचंही असंच. पार्किन्सन्समध्ये बहुतेकदा आठवण साठवलेली असते, ती वर काढणं जमत नाही. नाव आठवत नसेल तर पहिलं अक्षर सांगा, कुठे भेटले होते ते सांगा. बरेचदा नाव चटकन येतं. अल्झायमर्समध्ये अशी खूण देऊनही फारसा उपयोग होत नाही, कारण तिथे मुळात साठवणच बिघडलेली असते. म्हणून "तुम्हाला आता काहीच लक्षात राहत नाही" हे वाक्य दुखावणारं तर आहेच, शिवाय बहुतेक वेळा खोटंही आहे. भिंतीवर एक फळा लावा. त्यावर दिवसाची कामं आणि गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहा, झालेलं काम शुभार्थीने स्वतः पुसावं.

काही न करता तासन्‌तास बसून राहणं हे शुभंकरांना सगळ्यात जास्त खुपतं. पुस्तक आवडायचं, ते उघडत नाहीत. फिरायला जायचे, ते उठत नाहीत. हे दुःखामुळे असू शकतं. पार्किन्सन्समध्ये नैराश्य पुष्कळ आढळतं आणि त्यावर उपचार आहेत, तेव्हा डॉक्टरांना सांगायलाच हवं. पण कित्येकदा माणूस दुःखी नसतो. त्याला विचारलं तर तो "बरा आहे" म्हणतो आणि ते खरं असतं. सुरुवात करून देणारं वर्तुळच मंदावलेलं असतं. अशा वेळी "फिरायला यायचंय का?" या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नक्की "नको" असं येतं, कारण इच्छा आतून वर यावी लागते आणि ती वाटच बंद असते. ठरलेल्या वेळी चपला समोर ठेवाव्या, हात पुढे करावा, "चला, साडेपाच झाले" म्हणावं. एकदा बाहेर पडल्यावर तोच माणूस आनंदाने चालतो. टोमणे, भावनिक आवाहनं किंवा "तुमच्यात जिद्दच राहिली नाही" असली भाषणं यांचा उपयोग होत नाही. ठरलेला वेळ आणि बाहेरून मिळालेली सुरुवात यांचा होतो.

चालणं, बटण लावणं, सही करणं या गोष्टी आपण विचार न करता करतो. सवयीची ही कामं बेसल गँग्लियाच्या ज्या भागाकडे असतात, तिथलं डोपामीन आधी आटतं. मग शुभार्थीला प्रत्येक पाऊल मुद्दाम, लक्ष देऊन टाकावं लागतं. तुम्ही चालता चालता बोलता तेव्हा तुमचं सगळं लक्ष बोलण्याला मोकळं असतं, त्याचं ते चालण्यात अडकलेलं असतं. म्हणून तो चालत असताना त्याला गंभीर काही विचारू नका. त्याला बोलायचं असेल तर थांबू द्या, बोलणं होऊ द्या, मग पुढे निघा. हातात पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येणं, रस्ता ओलांडताना फोन उचलणं, जिन्यात गप्पा मारणं ही पडण्याची नेहमीची कारणं आहेत. एका वेळी एकच काम हा नियम घरातल्या नातवंडांनाही सांगून ठेवा. मुलं तो मोठ्यांपेक्षा चांगला पाळतात.

पाय जमिनीला चिकटणं हाही याच अडचणीचा भाग. दार, उंबरठा, लिफ्टची फट, अरुंद बोळ अशा ठिकाणी हे जास्त होतं. आपल्या जुन्या घरांमधला उंचवटा असलेला उंबरठा तर फारच त्रास देतो. अशा वेळी हाताला धरून ओढलं की माणूस तोंडघशी पडतो. ओढू नका. आधी थांबायचं, श्वास घ्यायचा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं आणि मग ठरवून मोठं पाऊल टाकायचं. जमिनीवर, एका पावलाच्या अंतरावर, रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या तर त्या ओलांडणं सोपं जातं. डोळ्यांना दिसणारी खूण मेंदूला वेगळ्या मार्गाने हालचालीपर्यंत नेते, बिघडलेल्या मार्गाची तिथे गरज उरत नाही. तालाचंही तेच. भजनाचा ठेका, टाळांचा आवाज, "एक-दोन, एक-दोन" अशी मोठ्याने मोजणी यांवर पाऊल सुटतं. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी शुभार्थींसाठी नृत्यवर्ग चालवले. बाहेरून मिळणारा ताल, समोर दिसणारी हालचाल आणि सोबतीची माणसं हे तिन्ही त्यात एकत्र येतात, म्हणून मला तो व्यायामाचा फार चांगला प्रकार वाटतो.

आता डोळ्यांबद्दल. डोळ्यांच्या पडद्यातही डोपामीन लागतं आणि पार्किन्सन्समध्ये तेही कमी होतं. तक्त्यावरची अक्षरं वाचता येतात, चष्म्याचा नंबर बरोबर निघतो, तरीही फिकट रंगांमधला फरक कळत नाही. पांढऱ्या ताटलीतला दहीभात, स्टीलच्या ताटाशेजारची स्टीलची वाटी, एकाच करड्या फरशीच्या पायऱ्या हे सगळं एकमेकांत मिसळतं. शुभार्थी ताटात अर्धा भात ठेवतो तो कधीकधी एवढ्यासाठीच. गडद रंगाची ताटली द्या. पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी लावा. खुर्चीवर जमिनीपेक्षा वेगळ्या रंगाची गादी ठेवा, कारण अंतराचा अंदाज चुकल्याने खुर्चीच्या कडेवर बसणं आणि घसरणं हे बरंच घडतं. न्हाणीघरात आणि रात्री वाटेत मंद का होईना, दिवा चालू राहू द्या. वाचताना ओळी दोन-दोन दिसत असतील तर दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र वळत नसावेत. नेत्रतज्ज्ञांना तसं नेमकं सांगितलं तर प्रिझमच्या काचांनी काहींना फायदा होतो. पापण्या कमी मिटल्याने डोळे कोरडे पडतात, त्यासाठी थेंब मिळतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया 'या वयात आणि या आजारात कशाला' म्हणून पुढे ढकलू नका. आधीच अपुऱ्या मिळणाऱ्या दृश्यावर आणखी पडदा नको.

स्कूटर आणि गाडी हा घरोघरी वादाचा विषय असतो. माझं मत स्पष्ट आहे. लक्ष वाटणं, अंतर जोखणं आणि पटकन निर्णय बदलणं या तिन्ही गोष्टी आपल्या रस्त्यांवर क्षणोक्षणी लागतात, आणि आजार त्यांच्यावरच घाला घालतो. दुचाकी लवकर सोडावी. चारचाकीबद्दल डॉक्टरांना सरळ विचारावं आणि त्यांचं म्हणणं मानावं.

वास जाणं हे तर कित्येकांत कंपाच्याही आधी, काही वर्षांपूर्वी घडलेलं असतं. जेवणाची गोडी जाते, नासलेलं दूध कळत नाही आणि गॅस गळत असेल तर तोही कळत नाही. एकटं राहणाऱ्या शुभार्थीच्या स्वयंपाकघरात गॅसगळतीचा इशारा देणारं यंत्र बसवणं हा उगाचचा खर्च नाही.

स्वतःच्या आवाजाचा अंदाज चुकणं हा बिघाड मात्र जवळजवळ कुणाच्याच लक्षात येत नाही. शुभार्थी पुटपुटतो, घरचे म्हणतात "मोठ्याने बोला", तो म्हणतो "ओरडूनच तर बोलतोय!" त्याला तसंच वाटत असतं. आपण किती मोठ्याने बोलतो हे मोजणारी मेंदूतली मोजपट्टीच आखूड झालेली असते. ली सिल्व्हरमन यांच्या नावाने ओळखली जाणारी आवाजाची उपचारपद्धती नेमकं हेच सुधारते. जो आवाज त्याला ओरडण्यासारखा वाटतो तो प्रत्यक्षात बरोबर आहे, हे सरावाने अंगवळणी पाडलं जातं. वाचा-उपचारतज्ज्ञ ते शिकवतात. अक्षर बारीक होत जाणं हीसुद्धा मोजमापाचीच चूक. रेघी वहीत, वरच्या आणि खालच्या रेघेला टेकवून लिहिलं की अक्षर मोठं येतं.

चेहऱ्याचं दुखणं याहून जिव्हारी लागणारं. चेहऱ्याचे स्नायू मंदावल्याने हसू उमटत नाही. मुलगी लांबून भेटायला येते आणि वडील नुसते बघत राहतात. तिला वाटतं, यांना आनंदच झाला नाही. आत मात्र आनंद असतो. शिवाय समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखणंही शुभार्थीला जड जातं. बायको दमली आहे, तिचे डोळे भरलेत, हे त्याला नुसतं बघून कळत नाही आणि तिला वाटतं, याला माझी पर्वा नाही. संसारात ज्या गोष्टी नजरेने उरकत होत्या, त्या आता शब्दांत आणाव्या लागतात. "मी आज दमलेय, मला जरा बसायचंय" असं सांगा. त्यानेही "तू आलीस, बरं वाटलं" हे बोलून दाखवायची सवय करावी. पन्नास वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्यांना हे कृत्रिम वाटेल, पण नजरेची वाट बंद असताना दुसरी कोणती उरते?

आता भास. या विषयावर मी थोडं अधिक थांबणार आहे, कारण भीती आणि लाज यांमुळे तो सगळ्यात जास्त लपवला जातो. सुरुवात हलकी असते. कुणीतरी मागे उभं आहे असं वाटतं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मांजरासारखं काहीतरी सरकून जातं. खुंटीवरचा सदरा माणूस वाटतो, गालिच्याच्या नक्षीत चेहरे दिसतात. पुढे लहान मुलं, प्राणी, कधी गेलेले नातेवाईक स्पष्ट दिसू लागतात. ते बहुधा बोलत नाहीत. संध्याकाळच्या अंधूक प्रकाशात आणि दमलेल्या वेळी हे जास्त होतं. सुरुवातीला हे खरं नाही, याची जाणीवही असते. याला कारण आहे. डोळ्यांकडून येणारी खबर अपुरी असते. 'नीट बघ, ते काय आहे' असं सांगणारं लक्षाचं जाळं ढिलं पडलेलं असतं, असिटिलकोलीन कमी असतं. मग मेंदू उरलेली जागा आठवणींतल्या आणि अंदाजाच्या चित्रांनी भरतो. औषधांचाही त्यात हात असतो. यात वेड नाही, बाधा नाही आणि पितरांची नाराजीही नाही. गेलेली आई दिसली म्हणून देवऋषीकडे जाण्यात वेळ घालवू नका.

भास झाला तर वाद घालू नका, हसू नका आणि आपल्यालाही दिसतंय असं खोटंही बोलू नका. "मला तिथे कुणी दिसत नाही, पण तुम्हाला दिसतंय हे मला कळतंय. चला, दिवा लावून जवळ जाऊन बघू." हे पुरतं. पुष्कळदा जवळ गेलं, नजर वळवून परत पाहिलं की भास विरतो. खुंट्यांवरचे कपडे कपाटात ठेवा, दिवेलागणीला आधीच भरपूर उजेड करा, शयनघरातला आरसा रात्री झाका. आणि डॉक्टरांना सांगा, भास त्रासदायक नसला तरी. ते औषधांची यादी तपासून, भास वाढवणाऱ्या गोळ्या एकेक करून कमी करतात. वयस्कर माणसांमध्ये कंपासाठी दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी असिटिलकोलीनच्याच आड येते, म्हणून तिच्याबद्दल मुद्दाम विचारा. स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका. लेव्होडोपा अचानक थांबवलं तर ताप, शरीर आखडणं आणि जिवाला धोका इथपर्यंत मजल जाऊ शकते.

टाळायच्या काही औषधांची नावं लिहून शुभार्थीच्या पाकिटात ठेवाच. भास थांबवायला हॅलोपेरिडॉल किंवा तशी जुनी औषधं, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड, चक्कर आणि मळमळीसाठी प्रोक्लोरपेराझिन. ही डोपामीनचा रस्ता अडवतात आणि माणूस एकदम आखडतो. शेजारच्या दवाखान्यात, रात्री-अपरात्री, चांगल्या हेतूने दिलेल्या एका इंजेक्शनने असं होऊ शकतं. मळमळीला डॉम्पेरिडोन आणि भासांना गरज पडलीच तर क्वेटियापिन किंवा क्लोझापिन असे पर्याय डॉक्टरांकडे असतात. क्लोझापिनबरोबर नियमित रक्ततपासणी लागते. खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण बरेच जण घेतात. त्यात खरोखरच लेव्होडोपा असतं, आणि म्हणूनच गोळ्यांच्या जोडीला ते गुपचूप घेतलं तर मात्रा वाढून भास आणि वेड्यावाकड्या हालचाली वाढतात. घेत असाल तर न्यूरॉलॉजिस्टना सांगा.

एक-दोन दिवसांत माणूस एकाएकी गोंधळला, बरळू लागला, कुणाला ओळखेना, तर 'आजार वाढला' म्हणून बसून राहू नका. पार्किन्सन्स इतक्या झपाट्याने वाढत नाही. लघवीचा संसर्ग, ताप, पाणी कमी पडणं, बरेच दिवसांची बद्धकोष्ठता, नवीन सुरू केलेली गोळी, काही आठवड्यांपूर्वी पडून डोक्याला बसलेला मार यांपैकी काहीतरी असतं आणि त्यावर उपाय असतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

काहीच करावंसं न वाटण्याच्या दुसऱ्या टोकाला एक वेगळी अडचण आहे. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल या गोळ्या डोपामीनची नक्कल करतात. हालचालीच्या वर्तुळात तूट असते, तिथे त्या मदत करतात. पण बक्षीस आणि मोह सांभाळणाऱ्या भागात तूट कमी असते, तिथे त्यांचा मारा जास्त होतो. मग मोबाईलवर पैसे लावून रमी, लॉटरी, न थांबणारी खरेदी, गोडावर तुटून पडणं, वाढलेली लैंगिक मागणी, घड्याळं आणि रेडिओ उघडून दिवसदिवस मांडून बसणं असे प्रकार होतात. अमेरिका आणि कॅनडातल्या 3,090 रुग्णांच्या 2010 मधल्या पाहणीत अशी एखादी तरी अनावर सवय 13.6 टक्क्यांना होती आणि या प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्यांत 17.1 टक्क्यांना. आयुष्यभर काटकसरीने वागलेला माणूस असा वागू लागतो तेव्हा घरचे त्याच्या चारित्र्यावर बोट ठेवतात, आणि तो लाजेने आणखी लपवतो. गोळी सुरू होतानाच ही शक्यता दोघांना माहीत हवी. वागण्यात फरक दिसला तर डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात आणि बहुतेकांत सवय सुटते.

स्मृतिभ्रंशाची भीती प्रत्येकाच्या मनात असते. सिडनीत निदानापासून दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या 136 रुग्णांपैकी वीस वर्षांनंतर हयात असलेल्यांत 83 टक्क्यांना स्मृतिभ्रंश होता. हा आकडा ऐकून घाबरायला होतं. पण तो वीस वर्षं आजार काढलेल्या, वय झालेल्या मोजक्या माणसांचा आहे, काल निदान झालेल्या साठीच्या गृहस्थाचा नाही. पुष्कळ जण कितीतरी वर्षं फक्त मंद विचारांवर भागवतात आणि आपले व्यवहार स्वतः सांभाळतात. स्मृतिभ्रंश आलाच तर रिव्हास्टिग्मिन हे असिटिलकोलीन टिकवणारं औषध काहींना थोडी मदत करतं. तरीही मृत्युपत्र, बँकेतली नामांकनं, जोडखातं ही कामं मन पूर्ण ठिकाणावर असतानाच करून टाकावीत. ती करताना शुभार्थीचं मत घ्या. त्याच्या पाठीमागे केलेल्या सह्यांनी नंतर संशय वाढतो.

हा सगळा बोजा काही प्रमाणात हलका करणाऱ्या साध्या गोष्टी आहेत. उभं राहिल्यावर रक्तदाब उतरत असेल तर विचारही विझतात, तेव्हा आडवं आणि उभं अशा दोन्ही स्थितींत रक्तदाब मोजून घ्या. बी-12 तपासा, विशेषतः शाकाहारी असाल तर. लेव्होडोपा घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं. श्रवणयंत्र लागत असेल तर लावा. दम लागेल असा व्यायाम, जमेल तितका, रोज. लेव्होडोपा जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्या, कारण डाळ, दूध आणि पनीरमधली प्रथिनं त्याचा मार्ग अडवतात. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी 2001 पासून आणि पुण्याचं मित्रमंडळही शुभार्थी-शुभंकरांना एकत्र आणतात. अशा गटात गेलं की 'हे फक्त आपल्याच घरात होतंय' ही भावना पहिल्या भेटीतच सैल होते.

गोळीचा असर उतरल्यावर जसे पाय जड होतात, तसं मनही होतं. धास्ती वाटते, शब्द सापडत नाहीत, निर्णय घेववत नाही. पुढच्या गोळीनंतर तासाभरात तोच माणूस नीट बोलतो. म्हणून आठवडाभर एका वहीत तीन रकाने करा. गोळीची वेळ, चालणं कसं होतं, विचार आणि मन कसं होतं. महत्त्वाचं बोलणं, बँकेची कामं, पाहुण्यांची भेट ही मन मोकळं असतानाच्या वेळांत बसवा. हीच वही डॉक्टरांकडे न्या. तपासणीच्या खोलीत शुभार्थी नेहमीपेक्षा टवटवीत दिसतो, कारण नवी जागा आणि डॉक्टरांचे प्रश्न हीच त्याला बाहेरून मिळालेली सुरुवात असते; "घरी असं काही नसतं हो" असं शुभंकर मागून म्हणतो आणि ते हवेत विरतं. भास, पैशाचा व्यवहार किंवा लैंगिक वागणं याबद्दल सगळ्यांसमोर बोलणं अवघड असेल तर आधी शुभार्थीची परवानगी घ्या, चार ओळींची चिठ्ठी लिहा आणि आत जाण्यापूर्वी ती डॉक्टरांच्या मदतनिसाकडे द्या.